फॉलो-ऑन लादावा काय?

कसोटी सामन्यांत आज दोनशें धावांची आघाडी मिळाली, कीं प्रतिपक्षास लागलीच पुन्हां खेळावयास लावण्याचा अधिकार कर्णधारास प्राप्त होतो. तो नेहमींच वापरावा काय?

१९४८ च्या जानेवारींत ॲडलेड येथें ऑस्ट्रेलियाच्या ६७४ धावांना भारतानें ३८१ धावांनीं उत्तर दिलें व ब्रॅडमननें फॉलो-ऑन लादला. आष्ट्याजवळच्या सांगलींत जन्मलेले विजय हजारे यांनीं पहिल्या डावांत ११६ धावा केल्या होत्या. पुन्हां उतरून त्यांनीं १४५ केल्या. केवढें हें धैर्य! परंतु लिंडवॉलनें सात गडी टिपले, आणि भारत एक डाव व १६ धावांनीं हरला.

२००१ सालीं कोलकात्यास स्टीव्ह वॉनेंहि तेंच केलें. आघाडी तेथें २९३ ऐवजीं २७४, म्हणजे फारशी निराळी नव्हे. मात्र लक्ष्मण व द्रविड यांनीं चौथा सबंध दिवस गडी पडूं दिला नाहीं, आणि ऑस्ट्रेलियाच्या गोलंदाजांना १७८ षटकें राबावें लागलें. तेव्हां आघाडीच्या आकड्यापेक्षां गोलंदाजांत त्राण किती उरलें आहे, हें कर्णधारानें आधीं पाहावें. शिवाय झिजलेल्या खेळपट्टीवरील शेवटचा डाव वॉच्याच वांट्यास आला, आणि त्याचा संघ २१२ धावांत गारद झाला.