आधी कोपऱ्यातली भाषा पाहा, मग पासवर्ड टाका

(कोराडी येथील संघाच्या मासिक बैठकीत केलेले बोलणे. ज्या ताई बैठकीला येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज मी हप्त्याबद्दल बोलणार नाही, कर्जाबद्दलही नाही. एका चुकीबद्दल बोलणार आहे, आणि ती चूक माझी आहे. ज्या ताईंच्या बाबतीत ती झाली, त्यांची मी माफी मागितली. त्यांना विचारूनच इथे सांगते आहे.

मागच्या महिन्यात आपल्या एका ग्रामसंघाच्या लेखापाल ताई कार्यालयात कॉम्प्युटरवर काम करत होत्या. आधी त्यांनी बैठकीचा ठराव मराठीत टाइप केला. छान केला, एक वेलांटीही चुकली नाही. मग नोंदी भरायला वेबसाइट उघडली, पासवर्ड टाकला. स्क्रीनवर आलं, 'पासवर्ड चुकीचा आहे'. परत टाकला, परत तेच.

मी बाजूलाच बसले होते. मी म्हटलं, "ताई, तुम्ही विसरल्या वाटते."

त्या म्हणाल्या, "नाही वो मॅडम, मी बराबरच टाकून राहिली. तेच घेत नाही."

मी त्यांचं ऐकलं नाही. "नीट आठवा," म्हणून पुन्हा पुन्हा टाकायला लावला. शेवटी खातं दुसऱ्या दिवशीपर्यंत बंद पडलं. ताई खुर्चीवरून उठल्या आणि हळूच म्हणाल्या, "मले नाही जमत हे. तो पासवर्ड झेरॉक्सवाल्या भाऊले देऊन टाकू. तोच भरून देईन."

खातं बंद पडलं त्यापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. कारण ताईंना सगळं जमत होतं. पासवर्डही बरोबर होता. फक्त कॉम्प्युटर अजून मराठीत होता.

हे कसं होतं, ते समजून घ्या. आपण साऱ्या कोराडीच्या. इथली वीज दूरदूरपर्यंत जाते. पण घरात पंख्याचं बटन दाबलं तर दिवा लागत नाही. त्यात विजेचा दोष नाही आणि आपल्या बोटाचाही नाही. बटन कशाला जोडलं आहे, एवढाच प्रश्न आहे. कीबोर्डचंही तसंच आहे. बटनावर छापलेलं अक्षर वेगळं असू शकते आणि आत जाणारं वेगळं.

सरकारी कामात मराठीसाठी जो इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरतात, त्यात इंग्रजी 'के'च्या बटनावर क आहे, 'एल'वर त, 'एम'वर स, आणि 'ए'वर ओकाराचा काना-मात्रा. आता समजा तुमचा पासवर्ड इंग्रजी अक्षरांत कमल आहे. तुम्ही के, ए, एम, ए, एल ही बटनं अगदी बरोबर दाबली. पण कीबोर्ड मराठीत असेल तर आत जाते 'कोसोत'! (इथे बैठकीत सगळ्या हसल्या.) ठराव टाइप करताना असं झालं असतं तर लगेच दिसलं असतं. पासवर्डच्या चौकटीत मात्र नुसते ठिपके दिसतात. कमल असो की कोसोत, ठिपक्यांवरून काही कळत नाही.

पासवर्डमध्ये ॲटचं चिन्ह असेल तर तेही फसवते. इंग्रजीत शिफ्ट धरून दोन दाबलं की ते चिन्ह येते. इनस्क्रिप्टमध्ये त्याच जागी 'बॅट', 'कॅन' लिहायला लागणारी चंद्रकोर आहे.

काही ताई विचारतील, "आम्ही इतकी वर्षं कृतिदेवमध्ये टाइप करतो, तेव्हा असं काऊन नाही झालं?" कृतिदेव हा फक्त फॉन्ट आहे. आत अक्षरं इंग्रजीचीच जातात, वरून मराठीचा पदर घेतलेला असतो. म्हणून पासवर्डला अडचण येत नव्हती. युनिकोडमध्ये अक्षर आतूनच मराठी होते. ते चांगलंच आहे, आपला ठराव कोणत्याही मोबाईलवर नीट वाचता येतो. फक्त पासवर्ड टाकण्याआधी इंग्रजीत परत यायचं लक्षात ठेवायला लागते.

आता काय करायचं ते सांगते.

१. कॉम्प्युटरवर उजवीकडे खाली, घड्याळाजवळ पाहा. तिथे कोणती भाषा चालू आहे, त्याची खूण असते. कॉम्प्युटर सुरू करताना पासवर्ड मागतो, त्या पडद्यावरही ही खूण असते.

२. मराठी असेल तर विंडोजचं बटन, म्हणजे खिडकीचं चित्र असलेलं, धरून ठेवा आणि स्पेसबार एकदा दाबा. भाषा बदलते. नाही जमलं तर त्या खुणेवर क्लिक करून इंग्रजी निवडा.

३. शंका असेल तर आधी वरच्या, नावाच्या चौकटीत एक अक्षर टाकून पाहा. तिथे ठिपके नसतात, त्यामुळे भाषा लगेच कळते. ते अक्षर पुसा. पूर्ण पासवर्ड त्या चौकटीत कधीच टाकू नका.

४. पासवर्डच्या चौकटीजवळ डोळ्याचं चित्र असेल तर ते दाबून अक्षरं पाहता येतात. मागे कुणी उभं नाही ना, ते आधी पाहा.

५. भाषा बरोबर असूनही नाही घेतला, तर कॅप्स लॉक चालू आहे का बघा.

६. दोनदा चुकलं की हात थांबवा. तिसऱ्यांदा टाकण्याआधी या सगळ्या गोष्टी तपासा.

मोबाईलवर बहुतेक कीबोर्डमध्ये स्पेसच्या पट्टीवर भाषेचं नाव लिहिलेलं दिसते. पृथ्वीगोलाचं चित्र दाबून किंवा स्पेसची पट्टी दाबून धरून ती बदलता येते.

नवीन पासवर्ड ठेवताना तर जास्तच जपा. तिथे तोच पासवर्ड दोनदा मागतात, म्हणून आपण निश्चिंत असतो. पण कीबोर्ड मराठीत राहिला तर दोन्ही वेळा कोसोतच जाते. दोन्ही जुळतात, चूक पकडली जात नाही. वेबसाइटने तो घेतला, तर पुढे इंग्रजीत कितीही बरोबर टाकला तरी उघडत नाही.

आता शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. गट सुरू केला तेव्हा आपण पेटी एकीच्या घरी ठेवली आणि किल्ली दुसरीकडे दिली. पेटीत तेव्हा थोडेच पैसे होते, तरी किल्ली कुणी पानठेल्यावर ठेवली नाही. आज पासवर्ड हीच किल्ली आहे. बाहेरचा भाऊ चांगलाच असेल, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण आपल्या नोंदी आणि आपले व्यवहार त्याच्या हातात का द्यायचे? तेही एका बटनापायी?

आणि माझ्यासारख्या ज्या शिकवायला येतात, त्यांनाही सांगते. एखादी ताई "मी बराबरच टाकून राहिली" म्हणते, तेव्हा आधी तिचं खरं धरा आणि कॉम्प्युटर तपासा. मी उलटं केलं.

दुसऱ्या दिवशी खातं उघडलं. त्याच ताईंनी भाषा बदलली, पासवर्ड टाकला, पहिल्याच वेळी घेतला. सगळ्या नोंदी त्यांनीच भरल्या. झेरॉक्सच्या दुकानात जायचं कामच पडलं नाही.

पुढच्या बैठकीआधी प्रत्येक गटातल्या दोघींनी कार्यालयात येऊन एकदा कमल आणि एकदा कोसोत टाइप करून पाहावं. पासवर्ड टाकू नका, साध्या कोऱ्या पानावर करा. कॉम्प्युटर दुपारी मोकळा असतो. मी बाजूला बसेन. यावेळी तुमचं ऐकेन.