पऱ्हाटीचं फूल



अमरावती-अकोल्याकडचा माणूस भेटला, की राम राम झाल्यावर लगेच कुरकुर सुरू होते. नळ आले नाहीत, लाइन गेली, निंदणाला बाया मिळेनात. उन्हाळ्यात तर उन्हाशिवाय दुसरा विषय नसतो, आणि ते खरंही आहे. 2024 च्या मे महिन्यात अकोला जिल्ह्यात उन्हापायी कलम 144 लावावं लागलं. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असतं, पण त्यात डाळ शिजत नाही. या कुरकुरीला मी नावं ठेवणार नाही. आपलं जिणं बरं व्हावं असं अजून ज्याला वाटतं, तोच कुरकुरतो.

कुरकुरीनंतरची दुसरी गोष्ट जगाच्या काळजीची. दर्यापूरच्या पारावर बसून अमेरिकेच्या गप्पा कशाला, असं काही शहाणे म्हणतात. पण वऱ्हाडाला जग कधी लांब नव्हतंच. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस लिव्हरपूलला पोचेना, आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि तो भाव खाली आला. अलीकडचंच पाहा. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के कर लावला. त्याच महिन्यात केंद्र सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं. अशा निर्णयांचा हिशेब शेवटी कापूस विकणाऱ्याच्या बंडीपाशी येऊन थांबतो. तेव्हा पारावरची ती चर्चा रिकामटेकडी नाही.

तिसरी गोष्ट नवलाची. तिच्याबद्दल मात्र आपण बोलतच नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुलावर आली, की सकाळी वावरात जाऊन पाहा. आज उमललेलं फूल फिकट पिवळसर असतं, उद्या तेच गुलाबी होतं, मग सुकून गळतं आणि मागं बोंड राहतं. शेतकरी या दिवसांत फुलं बघतोच, पण डोमकळ्या शोधायला. गुलाबी बोंडअळी पाकळ्या आतून धाग्यानं बांधून टाकते, त्यामुळं फूल धड उमलत नाही. अशी कळी दिसली की ती तोडून अळीसकट नष्ट करायची. म्हणजे माणूस फुलासमोर उभा असतो, बारकाईनं बघतही असतो, फक्त शोधतो अळी. रंग बदलून जातो, ते ध्यानात येत नाही.

आमच्या मेळघाटातल्या रानपिंगळा या छोट्या घुबडाचंही असंच. 1884 नंतर त्याचा खात्रीचा मागमूस नव्हता. तो संपला, असंच बहुतेक जाणकार धरून चालले होते. एका खोट्या नोंदीपायी शोधणारेही भलतीकडे बघत राहिले. 1997 मध्ये तो शहाद्याजवळ दिसला, पुढं मेळघाटातही सापडला. आणि हा पिंगळा दिवसाउजेडी वावरणारा! तो लपलेला नव्हता, बघणारेच दुसरीकडे होते.

कुरकुरीला, काळजीला आणि नवलाला नजर एकच लागते, वेगळी सवड काढावी लागत नाही. म्हणून सांगणं एवढंच, की नळाची तक्रार जरूर करा, भावाची काळजीही करा. पण डोमकळ्या तोडायला जाल तेव्हा घरातलं एखादं लेकरू सोबत न्या, आणि कालचं पिवळं फूल आज गुलाबी झालेलं त्याला दाखवा. कापसाचा भाव आपल्या हाती नाही, हे बघणं मात्र नक्की आहे.