आधी आडवी, मग उभी

पाटी नको, कागदही नको. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हवेत धरा. डावीकडून उजवीकडे आडवी रेघ ओढा. तिच्या मधोमध वरून खाली एक उभी. दोघी छेदतात तिथून डावीकडे उतरणारी एक तिरकी, आणि तिथूनच उजवीकडे उतरणारी दुसरी. झाल्या चार रेघा. चिनी लिपीत तुम्ही झाड काढलंत.

झाड मुद्दाम निवडलंय. 1938 च्या सप्टेंबरात मुंबई बंदरातून पाच भारतीय डॉक्टर चीनला निघाले. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि आपले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस शिकले परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे आम्हां शिवडीकरांच्या तोंडी केईएमला. आमच्याकडून पायी जाता येतं. त्यांच्यावरचा 1946 सालचा शांतारामबापूंचा सिनेमासुद्धा परळच्याच राजकमल स्टुडिओचा. पण चीनमध्ये त्यांना ओळखतात ते ‘के दिहुआ’ या नावानं. त्या नावाची अक्षरं तीन, आणि पहिल्या दोन्ही अक्षरांत डाव्या बाजूला हेच झाड उभं आहे. फक्त शेजार मिळाला की त्याची शेवटची रेघ आखडून टिंबाएवढी होते, लोकलमध्ये चौथ्या सीटवाल्यासाठी आपण अंग चोरतो तशी.

आता ‘के’ची उजवी बाजू. वर एक लांब आडवी रेघ. तिच्याखाली डावीकडे छोटा चौकोन. हा चौकोन आपण सवयीनं चार रेघांत काढू, पण तिथे तो तीनच रेघांचा. डावी बाजू वरून खाली. मग वरची आणि उजवी बाजू हात न उचलता एका दमात. मग तळाची रेघ. शेवटी, वरच्या लांब रेघेच्या उजव्या अंगानं सरळ खाली या आणि टोकाला डावीकडे छोटा आकडा काढा. झाडाच्या चार, या पाच. एकूण नऊ.

नऊच का मोजायच्या? कारण त्यांच्या कोशात आपल्यासारखी अ-आ-इ-ईची वाट नाही. पारंपरिक कोशात आधी अक्षराचा मुख्य घटक, इथे झाड, शोधायचा आणि मग उरलेल्या रेघा मोजत शब्दापर्यंत पोचायचं. चौकोन चार रेघांचा धरलात की भलत्याच पानावर जाल.

रेघांच्या या क्रमाला चिनीत बीशुन म्हणतात. आधी आडवी मग उभी, आधी वरचं मग खालचं, आधी डावं मग उजवं. मराठी हाताला यातलं पहिलंच जड जातं. आपण शब्द लिहून होईपर्यंत थांबतो आणि डोक्यावरची रेघ सरतेशेवटी ओढतो. ‘अ’चा काना आधी काढला काय नि नंतर काढला काय, वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. चिनीत लागतो. घाईनं लिहिताना कुंचला किंवा पेन कागदावरून पुरतं उठत नाही, रेघा एकमेकींत ओघळतात, आणि कुठली कुठे ओघळणार हे क्रमावरच ठरतं. क्रम चुकला की घाईतलं अक्षर परक्याला लागत नाही. शिवाय हजारो अक्षरं नुसत्या डोळ्यांनी कुणाच्या लक्षात राहणार? ती हातात बसावी लागतात, आणि हात दर वेळी वेगळ्या वाटेनं गेला तर ती बसत नाहीत. मास्तरांची शिस्त म्हणून कित्ता गिरवणाऱ्यांना हे उशिरा कळतं.

हा क्रम काही आकाशातून पडलेला नाही, बरं का. चीन सरकारनं 1997 मध्ये 7000 अक्षरांचा अधिकृत क्रम छापला. पण तो सगळीकडे एकच नाही. ‘शेत’ हे अक्षर म्हणजे चौकटीत अधिकचं चिन्ह. त्यातली आडवी चीनमध्ये आधी, तर जपानात उभी आधी. दोघांचंही शेत शेवटी सारखंच दिसतं.

आता पुन्हा कोटणिसांकडे. ते चीनला गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. तिथे जपानशी युद्ध चालू असताना ते चिनी बोलायला, वाचायला, लिहायला शिकले. 1941 मध्ये तिथल्या बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, विद्यार्थ्यांना शिकवलंही. 9 डिसेंबर 1942 ला, बत्तिसाव्या वर्षी, गेले. त्यांच्या नावातलं तिसरं अक्षर, ‘हुआ’, म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांनी ते आपापल्या नावाला जोडून घेतलं होतं. आज ते सहा रेघांत लिहितात. कोटणिसांच्या काळी त्यासाठी हाताला बरंच जास्त राबावं लागे, कारण सोपी अक्षरं अधिकृतपणे आली ती 1956 मध्ये.

ज्यांना ही लिपी जवळून बघायची आहे त्यांनी शिवडीहून हार्बर पकडून तिसऱ्या स्टेशनावर, डॉकयार्ड रोडला उतरावं. माझगावात 1919 साली बांधलेलं चिनी देऊळ आहे, सी यिप कून. ग्वांगडोंग प्रांतातल्या चार तालुक्यांतून आलेल्या मंडळींचं ते. नावातला ‘सी’ म्हणजे चार. जाण्याआधी तेवढं अक्षर गिरवून ठेवा. चौकोनाची डावी बाजू, मग वरची नि उजवी एका दमात, मग आतल्या दोन छोट्या रेघा, आणि तळाची रेघ सगळ्यात शेवटी. आकडा चारचा, रेघा पाच.