खातं पुसण्याआधी

(तिरुवैयारु येथे मोडी शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय तुमच्याच मागणीवरून ठरला आहे. फेसबुक, इन्स्टा, एक्स यांवरची खाती कायमची काढून टाकावीत का, आणि काढली तर आपली माहिती खरंच पुसली जाते का? कारणं मला माहीत आहेत. काहींचा वेळ जातो. त्यांच्यासाठी भाषणाची गरज नाही, आज रात्री काढून टाका. काहींना रोज कुणीतरी घाण लिहितं. आणि काहींची कॅम्पस मुलाखत तोंडावर आली आहे, प्रोफाइलवर चौदा एप्रिलचे फोटो आहेत, निळे झेंडे आहेत, आणि कंपनीवाले प्रोफाइल बघतात असं सीनियरांनी सांगितलंय.

या शेवटच्या कारणाबद्दल आधी बोलतो. आपल्या आधीच्या पिढीत कितीतरी जणांनी आडनाव बदललं, गावाच्या नावाला 'कर' लावला. शहरात खोली मिळावी म्हणून केलं, नोकरी टिकावी म्हणून केलं. त्यांना भित्रं म्हणणारा मी नाही. तुम्हीही खातं काढलंत तर तो तुमचा निर्णय. पण त्याने जात लपेल असं समजू नका. प्रवेशाच्या गुणवत्ता यादीची पीडीएफ आठवा: नाव, प्रवर्ग, गुण, सगळं एका ओळीत. तुमची जात फेसबुकच्या आधी सरकारी वेबसाइटने जाहीर केलेली असते, आणि तिथे डिलीटचं बटण नाही.

आता बटणाबद्दल. डिअ‍ॅक्टिव्हेट आणि डिलीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिअ‍ॅक्टिव्हेट म्हणजे दुकानाचं शटर ओढणं, माल आत तसाच. फेसबुकवर डिलीट केल्यावर तीस दिवस थांबतात. त्या काळात तुम्ही नुसतं लॉगिन केलंत तरी खातं परत उभं करता येतं. नंतर सगळं पुसायला नव्वद दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो असं कंपनी स्वतः सांगते. तुम्ही दुसऱ्याला पाठवलेले मेसेज त्याच्या इनबॉक्समध्ये राहतातच. शिवाय भारतात २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे, तुम्ही नोंदणी रद्द केल्यावरही नोंदणीची माहिती कंपनीला १८० दिवस ठेवावी लागते. म्हणजे 'उडवलं' हा आपला शब्द झाला. कंपनीच्या आणि सरकारच्या हिशेबात ते हळूहळू, तुकड्यातुकड्याने जातं.

आणि जे आधीच बाहेर गेलं ते गेलंच. केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात, एप्रिल २०१८ मध्ये फेसबुकने भारताचा आकडा दिला होता. ते प्रश्नमंजुषेचं अ‍ॅप भारतात अवघ्या ३३५ लोकांनी घेतलं होतं. पण त्यांच्या मित्रयादीमुळे माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती सुमारे ५ लाख ६२ हजार जणांची. या साडेपाच लाखांनी काहीच केलं नव्हतं, त्यांचा फक्त कुणीतरी मित्र होता. म्हणून 'माझा डेटा' हा शब्द मला थोडा अपुरा वाटतो. तुमच्या फोनमध्ये तुमच्या आईचा नंबर आहे, वस्तीतल्या पन्नास जणांचे आहेत.

आता ज्यांना शिव्या येतात त्यांच्यासाठी. हे नीट ऐका. खातं घाईने काढू नका. जातीवरून ऑनलाइन केलेला अपमान हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. 'लोकांच्या नजरेसमोर' या अटीत इंटरनेट येतं असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. पण तुम्ही खातं काढलंत तर तुमच्या बाजूचा पुरावाही त्याच्यासोबत जातो. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, वेळ आणि समोरच्याच्या प्रोफाइलची लिंक दिसली पाहिजे. नुसतं नाव पुरत नाही, नाव तो उद्या बदलेल. ज्या फोनवर ते आलं तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. पूर्वी हेच ६५ ब होतं. ते वकील करून देतात, पण मूळ वस्तू तुमच्याकडे हवी. तक्रार दाखल झाली की मग खुशाल बाहेर पडा. रोज शिव्या वाचत बसणं हे काही चळवळीचं काम नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्यातले कितीतरी लोक ट्विटर सोडून मास्टोडॉनवर गेले, तेव्हा हाच मुद्दा होता. एका ज्येष्ठ वकिलांचं खातं बंद केलं होतं, बहुजन पत्रकारांच्या खात्यांवर कारवाई झाली होती, आणि ट्विटर जातीयवादी आहे असा हॅशटॅग दिवसभर चालला. राग खरा होता. पण बहुतेक लोक काही आठवड्यांत परत आले, कारण वाचणारे जुन्याच ठिकाणी होते. रागाने सोडलेलं घर आणि सामान बांधून सोडलेलं घर यात फरक असतो.

सामान म्हणजे काय, ते सांगतो, आणि त्यासाठी याच गावातली गोष्ट घेतो. इथे कावेरीकाठी त्यागराजांची समाधी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. त्या समाधीवर देऊळ बांधलं ते बंगळूर नागरत्नम्मा यांनी, स्वतःच्या पैशाने. देवदासीची मुलगी. दरवर्षीच्या आराधनेत बायकांना गायला मनाई होती, म्हणून त्यांनी बायकांची वेगळी आराधना उभी केली. त्यांची समाधीही इथेच जवळ आहे, जाऊन या.

पण मला त्यांचं दुसरं काम सांगायचंय. तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांच्या दरबारात, अठराव्या शतकात, मुद्दुपळनी नावाची कवयित्री होती. ती गणिका होती. तिने तेलुगूत 'राधिकासांत्वनमु' लिहिलं. नागरत्नम्मांच्या हाती जी छापील प्रत आली, तिच्यातून संपादकाने काही पद्यं गाळली होती आणि प्रस्तावनेचा भागही गाळला होता. त्या भागात काय होतं? मुद्दुपळनीने स्वतःची ओळख सांगितली होती: आपली आजी कोण, आपण कुणाच्या घरातल्या. बायकांची वंशावळ. नेमकं तेवढंच पुसलं गेलं. नागरत्नम्मांनी हस्तलिखित मिळवलं आणि १९१० मध्ये पूर्ण पुस्तक छापलं. मग समाजसुधारक म्हणवणारे तुटून पडले, इंग्रज सरकारने पुस्तक अश्लील ठरवून प्रती जप्त केल्या. बंदी उठली १९४७ मध्ये.

शेजारीच बघा. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ चा मराठी शिलालेख आहे, सरफोजी राजांनी कोरवलेला, भोसले वंशाचा इतिहास. तुम्ही तो पाहिलाच आहे. राजाची प्रोफाइल दगडात आहे, ती कुणी डिलीट करत नाही. मुद्दुपळनीची चार ओळींची ओळख मात्र पहिल्या झटक्यात गेली.

आपल्या वस्तीची प्रोफाइल कुठे आहे? गेल्या पंधरा वर्षांत जयंतीची मिरवणूक, बुद्धविहाराची पायाभरणी, गावातल्या पहिल्या ग्रॅज्युएट मुलीचा सत्कार, मारहाणीनंतर तहसीलसमोर बसलेलं धरणं, हे सगळं कुणाच्या तरी फेसबुकवर आहे. गॅझेटिअरमध्ये नाही, वर्तमानपत्रात तर नाहीच. आणि ते पेज ज्या एका पोराने सुरू केलं तोच त्याचा एकटा अ‍ॅडमिन. त्याने वैतागून खातं काढलं तर पेजही जातं. त्याला आपला डेटा पुसायचा हक्क आहे, पण पेज एकट्याचं नसतं. म्हणून आधी दुसरा अ‍ॅडमिन नेमा. मग सेटिंगमध्ये जाऊन 'तुमची माहिती डाउनलोड करा' हा पर्याय निवडा. फाइल तयार व्हायला कधी तासभर, कधी दिवस लागतो, आणि ती थोडे दिवसच मिळते. दोन ठिकाणी ठेवा. फोटोंना नावं द्या: गाव, साल, कोण उभं आहे. मोडी कागदांवर तारीख नसली की तुम्ही कसे हैराण होता, ते महिनाभर बघतोय मी.

कायद्याचं थोडक्यात. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. त्याच्याही आधी, २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने माहिती फेसबुकला द्यायचं ठरवलं तेव्हा दोन विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि २५ सप्टेंबरच्या आत जे खातं काढतील त्यांची माहिती सर्व्हरवरून पूर्ण पुसा, असं न्यायालयाने सांगितलं. विद्यार्थी होते, लक्षात घ्या. पुढे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला, त्यात कलम १२ प्रमाणे माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण हा हक्क प्रत्यक्ष वापरायला त्यानंतरचे अठरा महिने थांबावं लागतं.

या कायद्यातल्या दोन गोष्टी मला खटकतात. २०१९ च्या विधेयकात जात आणि जमात ही 'संवेदनशील' माहिती होती, तिला जास्त संरक्षण होतं. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच काढून टाकला. तुमची जात आणि तुमचा पिनकोड एकाच दर्जाचे झाले. दुसरं, याच कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. संसदेला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, ही ओळ त्यातून गेली. हा बदल मात्र अठरा महिने थांबला नाही, नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाला. शिष्यवृत्ती कुणाची अडकली, योजनेचा पैसा कुणाच्या नावावर गेला, हे विचारायला गेलात की 'वैयक्तिक माहिती' म्हणून अर्ज परत येऊ शकतो. असा अर्ज परत आला तर अपील तीस दिवसांच्या आत करा, आणि अपिलात कलम ८(२) लिहा: सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. ते कलम अजून शाबूत आहे.