श्रद्धेचे मोल कोण देते?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण बाहेरगावच्या कोणा विदुषीला बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. त्या म्हणाल्या, "बाई, इतकी वर्षे तुम्ही आमच्यात बसता. तुमच्या धर्माविषयी आम्ही कधी विचारले नाही आणि तुम्ही कधी सांगितले नाही. यंदा सांगा." मी म्हटले, "मला प्रवचन येत नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवले, मला हिशेब येतो." त्या हसून म्हणाल्या, "मग हिशेबच सांगा!"

तेव्हा आज मी हिशेबच मांडणार आहे. ख्रिस्ती म्हणून नुसते जन्माला येण्याला काही पडत नाही. पण त्या शिकवणीप्रमाणे वागायचे म्हटले की काहीतरी मोल द्यावे लागते. ते किती असते, आणि मुख्य म्हणजे ते कोणाच्या पदरातून जाते, एवढेच मला सांगायचे आहे.

आपण कापसाच्या मुलखातल्या बायका. कापूस पिकवतो एक आणि त्याचा भाव ठरवतो दुसराच, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. श्रद्धेचेही तसेच आहे. माणूस श्रद्धा धरतो आपल्या मनाने, पण तिचा भाव पुष्कळदा ठरवतात घरचे, गावचे आणि शेजारचे.

पहिले उदाहरण आपल्यापैकी अनेकींच्या वाचनातले असेल. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली नसतील त्यांनी ती अवश्य वाचावी. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिककडच्या जलालपूरचा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. माहेरी सोवळ्याओवळ्याचा एवढा कडकपणा की विचारू नका. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक म्हणजे मोठे कवी, पण संसारात पाय न ठरणारा माणूस. ते पुढे नागपुरास आले, आणि नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या मिशनऱ्याने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातले डोंगरावरील प्रवचन त्यांच्या मनात जाऊन बसले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता माझ्यासारखी गणिताची बाई येथे एक प्रश्न विचारते. त्या दिवशी मोल दिले कोणी? टिळकांनी दिले, यात संशय नाही. जात गेली, आप्त गेले. परंतु त्यांना त्या बदल्यात हवे ते मिळाले होते. लक्ष्मीबाईंना काय मिळाले? त्या तेव्हा जवळ नव्हत्या. त्यांना गोष्ट कळली ती होऊन गेल्यावर. पदरात लहान दत्तू. नवरा जिवंत, म्हणून कपाळी कुंकू. पण नवऱ्याच्या घरी जायचे तर धर्म जातो, म्हणून राहायचे नातेवाइकांकडे. सवाष्ण असून नांदणे नाही, अशी ती स्थिती. काही वर्षे त्यांनी अशी काढली. ज्या श्रद्धेत त्यांचा वाटा नव्हता, तिचे मोल त्यांनी अश्रूंनी दिले.

पुढे त्या टिळकांकडे गेल्या, तरी आपले सोवळे आणि आपली चूल त्यांनी वेगळीच ठेवली. टिळकांनी त्यांना ख्रिस्ती होण्याची बळजबरी केली नाही. राहुरीस असताना मात्र एकदा त्यांच्याच मनाने उलट तपासणी सुरू केली: देवाने जनावरांत जाती केल्या त्या डोळ्यांना दिसतात, मग माणसामाणसांतल्या जाती दिसत का नाहीत? म्हणजे त्या माणसाने केल्या असल्या पाहिजेत. इतके ठरल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. त्या क्षणी मोल त्या स्वतःच्या पदरचे देत होत्या, म्हणूनच त्यात रडणे नाही. भगिनींनो, आपल्या मनाने दिलेले आणि दुसऱ्याने आपल्याकडून काढून घेतलेले, यांत फार अंतर असते.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 साली मुंबईस विधवा मुलींसाठी शारदासदन काढले, ते पुढच्या वर्षी पुण्यास नेले. 1893 साली मुली बाटतात अशी ओरड झाली, सल्लागार मंडळी दूर झाली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. हे बहुतेकींना ठाऊक असते. परंतु दुसरी बाजूही आहे. ज्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयाने त्या इंग्लंडात राहिल्या, त्यांचेही सगळे त्यांनी मुकाट्याने ऐकले नाही. माझ्या बुद्धीला पटेल ते मी मानीन, हा त्यांचा बाणा होता, आणि तो तिकडच्या मंडळींना खुपला. म्हणजे जुन्यांनी टाकले आणि नव्यांनी कान धरला. जी बाई मनाला पटेल तसेच वागते तिला दोन्ही नाक्यांवर जकात पडते.

आता आपल्या अगदी जवळ येऊ. येथून एस.टी.ने तासाभराच्या आत वर्धा येते. तेथील मगनवाडी आणि मगन संग्रहालय आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले आहे. ग्रामोद्योग संघाचे काम तेथे ज्यांनी उभारले ते जे. सी. कुमारप्पा जन्माने ख्रिस्ती, तंजावरचे. लंडनला हिशेबतपासनीस होऊन आलेले, मुंबईत चांगला धंदा, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले. 1929 साली गांधीजींची भेट झाली आणि साहेबी पोशाख गेला, खादी आली. 1934 च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हापासून तेलघाणी, हातकागद, गूळ आणि मधमाश्या हाच त्यांचा संसार. लग्न केलेच नाही. पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले, आणि तुरुंगात त्यांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिले.

त्यांनी धर्म बदलला नव्हता, तरी मोल चुकले नाही. 1930 च्या सत्याग्रहात निःशस्त्र लोकांवर लाठी चालली, तेव्हा त्यांनी आपल्याच धर्मातल्या वरिष्ठांना विचारले, की शत्रूवरही प्रेम करा असे सांगणाऱ्याचे तुम्ही अनुयायी, मग तुम्ही गप्प का? यावरून बिशपांशी त्यांचा वाद झाला. सरकारदरबारी ते बंडखोर ठरले, आणि चर्चमधल्या कित्येकांना ते परके वाटू लागले. 30 जानेवारी 1960 रोजी ते वारले, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच.

ही झाली मोठी माणसे. साध्या माणसाला पडणारे मोल कधी कागदावर लिहिलेले असते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. तो 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना लागू झाला. ख्रिस्ती झालेल्यांना तो मिळालेला नाही. आपल्या मंडळातल्या बौद्ध भगिनींना याचा अर्थ मी सांगायला नको. 1956 नंतर चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींसाठी त्यांच्या घरच्यांनी काय सोसले ते त्यांना ठाऊक आहे. बाप प्रार्थनेला जातो आणि दाखला मुलाचा अडतो. येथेही देणारा एक, आणि ज्याच्याकडून वसूल होते तो दुसराच.

असो. दुसऱ्यांचे हिशेब फार झाले. आता माझा सांगते. तो अजून बरोबर जुळलेला नाही.

1979 साली मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शाळेत होते. तपासणी जवळ आली. माझ्या वर्गाचा पट कमी भरत होता. मला सांगण्यात आले, की जी मुले शेतावर कामाला जातात त्यांची हजेरी भरून टाका, नाही तर तुकडी जाईल. मी रात्रभर विचार केला. तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही असू द्या, असे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले. मी सकाळी जाऊन सांगितले, की न आलेल्या मुलाला मी आला म्हणून लिहिणार नाही. कोणी रागावले नाही. "बरे," एवढेच म्हणाले.

तुकडी गेली. जूनमध्ये माझी बदली अशा खेड्यात झाली की पावसाळ्यात एस.टी. तीन कोस अलीकडेच थांबायची. माझा मुलगा चार वर्षांचा. तेथे दवाखाना नाही, म्हणून त्याला येथे सेलूला सासूबाईंजवळ ठेवले. दोन वर्षे. मी शनिवारी येई आणि रविवारी संध्याकाळी जाई. तो एस.टी.पर्यंत येई, आणि गाडी हलली की रडत नसे, नुसता पाहात राही.

माझ्या सासूबाई आमच्याच चर्चच्या, माझ्याहून अधिक प्रार्थना करणाऱ्या. एका रविवारी त्या मला म्हणाल्या, "तू खरं बोलली, बरंच केलं. पण त्याचे पैसे या पोट्ट्याच्या खिशातून काहून काढले?"

मला उत्तर देता आले नाही. मला वाटत होते की मोल मी देते आहे, आणि खरे सांगायचे तर त्याचा मला थोडा अभिमानही होता. तो त्या दिवशी गेला.

आणखी एकाचे देणे आहे. तुकडी गेली तिच्याबरोबर आमच्या शाळेतल्या एका तरुण मास्तरांची नोकरी गेली. त्यांची आई आणि धाकट्या बहिणी त्यांच्यावरच होत्या. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडले, बसायला दिले, चहा दिला. पण मी निघेपर्यंत माझ्याकडे पाहिले नाही. मी त्यांना काय सांगणार? माझा देव खरे बोल म्हणतो, हे त्यांच्या आईला भाकरीच्या ठिकाणी कसे वाढू?

तुम्ही विचाराल, मग खोटी हजेरी भरली असती तर बरे झाले असते का? नाही. तेव्हाही भरली नसती आणि आजही भरणार नाही. पण एक गोष्ट मी निराळी केली असती. रात्रभर एकटीने विचार केला तो घरी बोलून केला असता. यजमानांना, सासूबाईंना म्हटले असते, की असे असे आहे, तुमच्यावरही हे येणार आहे, काय करू? आणि त्या मास्तरांना आधीच जाऊन सांगितले असते, म्हणजे त्यांना दुसरीकडे पाहायला वेळ मिळाला असता. निर्णय कदाचित तोच झाला असता. परंतु विचारून घेतलेले ओझे आणि न विचारता टाकलेले ओझे, वजन सारखे असले तरी खांद्याला सारखे लागत नाही. टिळकांची गोष्ट मी तरुणपणी वाचली होती आणि त्यांना मनातल्या मनात दोष दिला होता. मग मी तेच केले. माझा मुलगा आज दोन मुलांचा बाप आहे. तो मला कधी काही बोलला नाही. पण सूनबाई सांगते, की एस.टी. स्टँडवर कोणाला पोचवायला जाणे तो अजून टाळतो.

हे झाले मोल देणाऱ्यांचे. आता भाव ठरवणाऱ्यांविषयी, म्हणजे शेजाऱ्यांविषयी, थोडेसे बोलून मी संपवते.

बदली संपून मी सेलूला कायमची राहायला आले. काही घरी माझ्यासाठी वेगळा कप असे. तो खिडकीत पालथा ठेवलेला असे, आणि मी दिसले की तोच खाली येई. मी त्यातून चहा प्यायले, कारण देणारीच्या मनात दुष्टावा नव्हता. पहिल्या संक्रांतीला शेजारच्या काकूंनी हळदीकुंकवाला बोलावले. मी धास्तावले. कुंकू लावून घ्यावे तर माझ्या मनाला ते खोटे वाटे, कारण आमच्यात लावत नाहीत. नको म्हणावे तर सवाष्णीच्या घरात अपशकून केल्यासारखे. न जावे तर शिष्टपणा. मी गेले. काकू करंडा घेऊन माझ्यासमोर आल्या, क्षणभर थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, कुंकू लावू, का फूल देऊ?"

मी म्हटले, "फूल द्या."

"घ्या फूल. वाण तर घ्यालच, त्याला काही धर्म नाही." आणि चहाची गाळणी माझ्या हातात दिली.

ती गाळणी अजून माझ्या घरी आहे. जाळी दोनदा बदलली, दांडी तीच आहे. काकू आज नाहीत. त्यांनी आपला धर्म सोडला नाही आणि मला माझा सोडायला लावला नाही. फक्त विचारले. त्या एका वाक्याने माझ्या श्रद्धेचा भाव या गावात निम्मा झाला. त्यानंतर ज्या ज्या घरी गेले तेथे बायका विचारू लागल्या, आणि खिडकीतला तो कप कधी गेला ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

लक्ष्मीबाईंना त्या काळी अशा दोनचार काकू भेटल्या असत्या तर? त्या तरुण मास्तरांना गावाने महिनाभर धान्य पुरवले असते तर? माझ्या मुलाला ते गाव जवळ करणारी एस.टी. पावसाळ्यात चालली असती तर? श्रद्धा कोणाचीही असो, तिचे काही मोल राहणारच, आणि ते ज्याचे त्याने द्यावे. परंतु वरचा जो भार आपण शेजारी म्हणून चढवतो तो उतरवणे आपल्या हातात आहे.

चिटणीसबाई, तुम्ही हिशेब मागितला होता. तो मांडला. बाकी अजून निघते आहे, ती मास्तरांची आणि माझ्या मुलाची. ती मला फेडता येईल असे वाटत नाही. पण खाते उघडून तुमच्यापुढे ठेवले, कारण इतकी वर्षे तुमच्यात बसल्यावर एवढा विश्वास तरी दाखवावा असे वाटले.