फोल्डर उघडत नाही तेव्हा

कविता लिहिणारा माणूस संगणकाच्या जाळ्याबद्दल काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. वाटणं साहजिक आहे. माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. पण पोटापाण्यासाठी मी बरीच वर्षं एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत काम करतो आहे. टेबलांवर संगणक आले तेव्हापासून ‘जरा बघता का, उघडत नाही’ ही हाक माझ्याकडे येत राहिली. जाणकार माणूस गावात रोज येत नाही, काम मात्र रोज असतं. तेव्हा एकाच कार्यालयातले संगणक एकमेकांच्या फायली कशा उघडतात आणि उघडत नाहीत तेव्हा काय बघायचं, याबद्दल कामातून जे शिकलो ते आज सांगणार आहे.

लहान कार्यालयात सहसा पाच-सहा संगणक असतात, एक राउटर असतो आणि सगळ्या तारा जिथं जमतात ती स्विच नावाची डबी असते. सगळ्यांना लागणारी कागदपत्रं एका संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये ठेवतात आणि बाकीचे आपापल्या टेबलावरून ते उघडतात. पूर्वी दफ्तराचं लोखंडी कपाट असायचं, तसंच हे. फरक इतकाच की कपाटापर्यंत उठून जावं लागत नाही, तारेतून हात पोचतो.

हा हात पोचण्यासाठी दोन्ही संगणकांना बोलण्याचे समान नियम लागतात. त्या नियमांना सर्व्हर मेसेज ब्लॉक, थोडक्यात एसएमबी म्हणतात. आयबीएम कंपनीतल्या बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३ च्या सुमारास ते तयार केले आणि पुढं विंडोजमधून ते जगभर गेले. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्यानं १९९१-९२ च्या सुमारास दुसऱ्या जातीच्या संगणकांनाही ही भाषा बोलता यावी म्हणून एक प्रणाली लिहिली. तिला नाव हवं होतं, तेव्हा त्यानं शब्दकोशात एस, एम आणि बी ही अक्षरं असलेले शब्द शोधले. त्यात त्याला ‘सांबा’ सापडला. ती प्रणाली आजही सांबा याच नावानं चालते. शब्दकोश चाळून नाव ठेवणारा माणूस मला आपल्यातलाच वाटतो.

आता मुद्द्याकडे येतो. फोल्डर उघडलं नाही की पडद्यावर एक वाक्य येतं. बहुतेक जण ते वाचत नाहीत, खिडकी बंद करतात आणि ‘बिघडलंय’ म्हणतात. माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, की वाक्य काय आलं? कारण मुख्य वाक्यं दोन आहेत आणि दोघांचे अर्थ अगदी वेगळे आहेत. एक म्हणतं, मार्ग सापडत नाही. दुसरं म्हणतं, तुम्हाला परवानगी नाही. पहिल्यात आपण दारापर्यंत पोचलेलोच नसतो. दुसऱ्यात पोचलेलो असतो, आतून नकार आलेला असतो. पहिल्यासाठी तार, पत्ता आणि दार तपासायचं. दुसऱ्यासाठी नाव आणि किल्ली तपासायची. हा भेद कळला की निम्मं काम झालं.

हा भेद न कळल्यानं काय होतं, त्याचं उदाहरण आमच्याच कचेरीतलं आहे. आमचं सामायिक फोल्डर अभिलेखाच्या खोलीत, कोपऱ्यातल्या एका संगणकावर असतं. तिथं कुणी बसत नाही. एका सोमवारी सकाळी कुणाच्याच टेबलावरून ते उघडेना. त्या दिवशी एका निवृत्त शिक्षकांचा पेन्शनचा प्रस्ताव जायचा होता आणि त्यांच्या सेवापुस्तकाची स्कॅन केलेली सगळी पानं त्या फोल्डरमध्ये होती. शनिवारी सर्वांत उशिरापर्यंत थांबला होता तो कंत्राटी पद्धतीनं नुकताच लागलेला मुलगा. झालं! त्यानंच काहीतरी पुसलं, अशी कुजबुज सुरू झाली. तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, ‘‘चाचा, आईशपथ, मी हात लावला नाही हो.’’

मी प्रत्येक टेबलावरचं वाक्य वाचलं. सगळीकडे एकच होतं, मार्ग सापडत नाही. मग अभिलेखाच्या खोलीत जाऊन त्या कोपऱ्यातल्या संगणकावरच फोल्डर उघडलं. सगळ्या फायली जागच्या जागी होत्या. श्रोतेहो, ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. फायली ज्या संगणकावर आहेत तिथं जाऊन त्या आधी बघाव्यात. त्या तिथं असतील तर प्रश्न रस्त्याचा असतो, चोरीचा नसतो.

रस्ता तपासण्याचा क्रम ठरलेला ठेवावा. आधी तो संगणक जागा आहे का बघा. काही वेळ कुणी हात लावला नाही की संगणक झोपी जातो, आणि झोपलेल्या संगणकावरचं फोल्डर कुणालाच उघडत नाही. ज्याच्यावर सामायिक फोल्डर आहे त्याची झोप सेटिंगमध्ये जाऊन बंद करून ठेवावी. मग तार खोचतो तिथला बारीक दिवा लागला आहे का ते बघावं. मग पत्ता. काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ असं टाइप केलं की संगणक आपला पत्ता सांगतो. लहान कार्यालयात तो बहुधा १९२.१६८ नं सुरू होतो. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि संगणकानं स्वतःच एक धरून घेतला आहे असं समजावं. तार किंवा राउटर, यांपैकी एकात दोष असतो.

पत्ता बरोबर असेल तर नावानं हाक मारून बघावी, मग आकड्यांनी. फाईल शोधण्याच्या खिडकीत वर दोन उलट्या तिरप्या रेघा मारून त्या संगणकाचं नाव लिहायचं. नावानं उघडलं नाही आणि आकड्यांच्या पत्त्यानं उघडलं, तर रस्ता ठीक आहे, नाव ओळखण्यात घोळ आहे. ‘नेटवर्क’ या खिडकीतल्या यादीत नाव दिसत नाही म्हणून संगणकच नाही असं मात्र समजू नये. त्या यादीचा फार भरवसा धरू नये. आणखी एक गोष्ट. राउटर जे आकडे वाटतो ते बदलू शकतात. सामायिक फोल्डरच्या संगणकासाठी राउटरमध्ये एक आकडा राखून ठेवला की ही कटकट संपते.

आमच्याकडे तार, दिवा आणि पत्ता हे तिन्ही ठीक होतं. मग दाराकडे वळलो. शनिवारी नवा राउटर बसवला गेला होता, हे बोलता बोलता कळलं. राउटर बदलला की संगणकाच्या लेखी नेटवर्कच बदलतं. अनोळखी नेटवर्क दिसलं की विंडोज ते सहसा ‘पब्लिक’ धरते, म्हणजे बसस्थानकावरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायसारखं. अशा ठिकाणी आपली दारं बंद ठेवणंच शहाणपणाचं असतं, म्हणून फाईल देण्याघेण्याचं दार ती लावून घेते. त्या अवस्थेत ‘पिंग’ करून हाक मारली तरी उत्तर येत नाही, आणि माणूस उगाच तार बदलत बसतो. आम्ही कोपऱ्यातल्या संगणकावर ‘पब्लिक’चं ‘प्रायव्हेट’ केलं, फाईल आणि प्रिंटर शेअरिंग चालू असल्याची खात्री केली. लगेच फोल्डर उघडू लागलं.

पण त्या मुलाच्या टेबलावर नाही. तिथं आता दुसरं वाक्य आलं. तुम्हाला परवानगी नाही. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘बघा, यंत्रालाही कळतं!’’

मला हे वाक्य आजही खटकतं. दफ्तर, कारकून, परवानगी हे सगळे शब्द फारसीतून मराठी कचेरीत आले आणि कायमचे राहिले. ‘परवानगी नाही’ या दोन शब्दांत कचेरीतल्या माणसाला साहेबाचा आवाज ऐकू येतो. जणू कुणी चौकशी करून निकाल दिला आहे. संगणकाला निकाल देता येत नाही. त्याच्याजवळ नावांची एक यादी असते. आलेलं नाव त्या यादीत आहे की नाही, इतकंच तो सांगतो.

त्या मुलाला स्वतःचं नावच कधी दिलं गेलं नव्हतं. त्याच्या आधीच्या कारकुनाच्या नावानं त्याचा संगणक आत शिरत होता. त्या कारकुनाची बदली झाली, म्हणून शनिवारी ते नाव यादीतून रीतसर काढलं गेलं. योग्यच होतं ते. दोन वेगळी कारणं एकाच शनिवारी जमून आली आणि संशय मात्र एका माणसावर गेला. आम्ही त्याचं स्वतंत्र खातं केलं, पासवर्ड दिला, यादीत नाव घातलं. दुपारी तीनच्या आत पेन्शनचा प्रस्ताव गेला.

किल्लीच्या बाबतीत लक्षात ठेवण्यासारख्या आणखी काही गोष्टी आहेत. संगणक सुरू करताना आपण चार आकडी पिन टाकतो, ती फक्त त्याच संगणकापुरती असते, दुसऱ्या संगणकाला ती चालत नाही. कोरा पासवर्ड असलेलं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. पासवर्ड बदलल्यावर जुना पासवर्ड ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये साठून राहिलेला असतो आणि संगणक तोच पुढं करत राहतो, तो तिथून काढावा लागतो. आणि परवानग्या दोन ठिकाणी असतात, एक शेअरिंगची आणि दुसरी फोल्डरच्या सुरक्षेची. वाड्याचा दिंडीदरवाजा आणि आतल्या खोलीचं दार म्हणा ना. दोन्हींपैकी जी कडक, ती लागू होते. बाहेर ‘सर्व काही’ दिलं आणि आत ‘फक्त वाचा’ असलं, तर वाचताच येतं.

त्या दिवशी फोनवरून एका माहितगारानं सोपा उपाय सांगितला होता. ‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार द्या, पासवर्ड काढून टाका, कटकट नको. असा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो लागूही पडतो. म्हणूनच तो धोक्याचा आहे. त्या फोल्डरमध्ये लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती, आजारपणाच्या रजेची प्रमाणपत्रं असतात. ती सर्वांना वाचता, बदलता आणि पुसता यावीत का? कुणाला फक्त वाचायचं असतं, कुणाला लिहायचं असतं, कुणाचा काही संबंध नसतो. तेवढंच द्यावं.

उघड्या दाराची किंमत जगानं मोजली आहे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू पसरला. याच एसएमबी नियमांच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतल्या दोषाचा फायदा घेऊन तो संगणकातून संगणकात गेला. कुणी काही उघडण्याचीही गरज नव्हती. दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक अडकले, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत उपचार खोळंबले. दोष दुरुस्त करणारं अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये आलं होतं.

त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोज १० मध्ये ही पहिली आवृत्ती आपोआप येणं थांबलं. २०२४ मध्ये विंडोज ११ ची ‘२४ एच २’ ही आवृत्ती आली, तिच्या प्रो प्रकारात आणखी कडक नियम आले. फायलींच्या देवाणघेवाणीत प्रत्येक निरोपावर सही लागते आणि पासवर्डाविना ‘पाहुणा’ म्हणून जाणं मुळातच बंद असतं. पाहुण्याला सही करता येत नाही. म्हणून जुना स्कॅनर किंवा फायली साठवायची जुनी पेटी अचानक बोलेनाशी होते. तेव्हा जुनं दार पुन्हा उघडून देण्याऐवजी त्या पेटीचं सॉफ्टवेअर अद्ययावत करावं आणि तिच्यासाठी नाव-पासवर्ड असलेलं खातं करावं.

तिसरंही एक वाक्य असतं, फाईल दुसऱ्या कुणी उघडली आहे. हा बिघाडच नव्हे. दोघांनी एकाच पानावर एकदम लिहू नये म्हणून घेतलेली ती काळजी आहे. मात्र वीज गेल्यावर कधी कधी ही खूण तशीच राहते आणि घरी गेलेल्या माणसाच्या नावावर फाईल उघडी दिसते. असं झालं की लोक प्रत काढतात. मग ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम नवीन खरी’ अशा फायली जमतात आणि खरी कोणती ते कुणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा आधी ज्याचं नाव दिसतं त्याला विचारावं.

शेवटी एक साधी सूचना. एक वही करा. तीत प्रत्येक संगणकाचं नाव, पत्ता, कुणाला कोणत्या फोल्डरमध्ये काय करता येतं आणि कोणत्या तारखेला काय बदललं, हे लिहा. पासवर्ड मात्र लिहू नका. नवा राउटर आला, कुणाची बदली झाली, नवा माणूस आला, की त्याच दिवशी नोंद करा. सामायिक फोल्डरची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती काढून कपाटात ठेवा, कारण सामायिक असणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे.

आमच्या वहीत त्या सोमवारची नोंद दोन ओळींची आहे. राउटर बदलल्यानं नेटवर्क पब्लिक झालं होतं. नव्या कारकुनाचं नाव यादीत नव्हतं, ते घातलं. कुणी पुसलं, कुणी लपवलं, असा रकाना त्या वहीत नाही आणि त्याची गरज अजून पडलेली नाही.