टेक्सासमधला शिकारपरवाना

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. अमेरिकेत मात्र राज्य सरकार परवाना देतं. ह्यूस्टन, डॅलसमध्ये स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी टेक्सासचे नियम जरूर समजून घ्यावेत.

परवाना राज्याचं उद्यान आणि वन्यजीव खातं देतं. वार्षिक परवाना ३१ ऑगस्टपर्यंत चालतो. २ सप्टेंबर १९७१ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात बंदूक सुरक्षित कशी हाताळायची, प्राणी नेमका कसा ओळखायचा, हे शिकवतात.

प्रत्येक प्राण्याचा हंगाम वेगळा असतो. पारव्यासारख्या डव्ह पक्ष्यांचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो, तर पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी. विणीचा आणि पिलं वाढवण्याचा काळ सांभाळून, प्राण्यांची संख्या पाहून या तारखा आणि मर्यादा ठरतात. हरीण मारलं, की परवान्यासोबतची चिठ्ठी भरून लगेच त्याला लावावी लागते. बदकांसाठी केंद्र सरकारचं वेगळं तिकीट लागतं. जमीन खासगी असेल, तर मालकाची परवानगी हवीच.

परवान्याच्या शुल्कातून वन्यजीवांचं संवर्धन होतं. १९३७च्या कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरचा करही याच कामासाठी राज्यांना मिळतो. म्हणूनच परवान्याशिवाय किंवा हंगामाबाहेर केलेली शिकार ही जंगलाच्या हक्काची चोरी ठरते. तारखा आणि मर्यादा बदलू शकतात, त्यामुळे दरवर्षी खात्याची नियमावली वाचा, मगच पाऊल उचला.